आधी ‘तसाच’, मग ‘बरोबर’: ऑफसेटवर रंग सांभाळायच्या पायऱ्या

ऑगस्ट सरत आला की छापखान्यांत दिवाळी अंकांची मुखपृष्ठं यायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग एक वाक्यही येतं, “रंग अस्साच यायला हवा हं.” बोट मोबाइलवर असतं. तिथे आकाशकंदिलाचा नारिंगी आतून पेटलेला दिसतो. कागदाच्या मागे दिवा नसतो, त्यामुळे तो तसा पेटणार नाही हे प्रेसमध्ये मुरलेल्या माणसाला ठाऊक असतं. नव्या माणसाला ते कोणी सांगत नाही.

मलाही सांगितलं नव्हतं. सुरुवातीची दोन वर्षं मी डिलिव्हरीतून, म्हणजे छापलेला कागद जिथे बाहेर पडतो तिथून, शीट ओढायचो, डोळ्यांनी बघायचो आणि शाईची एखादी की (त्या पट्ट्यात शाई किती सोडायची ते ठरवणारा स्क्रू) कमी-जास्त करायचो. पुढच्या शीटला पुन्हा तेच. अशाच एका मुखपृष्ठाचा नारिंगी सकाळी झेंडूसारखा होता आणि दुपारच्या जेवणानंतर तांबडा झाला. बाइंडिंग होऊन अंक एकावर एक रचले तेव्हा गठ्ठ्याच्या कडेला पट्टे दिसत होते. कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही, मशीनवर मीच उभा होतो.

नव्यांना मी आता पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. रंग बरोबर आणायच्या आधी तो तसाच राहील एवढं बघा. मशीन रोज एकसारखं चुकत असेल तर ती चूक प्लेटवर, म्हणजे जिच्यावरून छपाई होते त्या पत्र्यावर, दुरुस्त करता येते. रोज वेगळं चुकत असेल तर जगातलं कुठलंही प्रोफाइल (फाइलमधल्या आकड्यांचा कागदावर कोणता रंग होईल ते सांगणारा तक्ता) कामाला येत नाही. पुढच्या पायऱ्या शीटफेड ऑफसेटच्या, म्हणजे सुटे कागद एकेक करून घेणाऱ्या मशीनच्या, आहेत. तो नारिंगी बिघडला कसा, हेही वाटेत कळेल.

पायरी १. बघायचा उजेड एक करा

आपल्याकडे शीट घेऊन दारात जायची जुनी सवय आहे. सकाळी दहाचं ऊन, दुपारचं ढगाळ आभाळ आणि रात्रपाळीचा ट्यूबलाइट या तिन्हीत एकच शीट तीन रंगांची दिसते. मग मशीनमन, मालक आणि पार्टी तिघेही खरं बोलत असूनही भांडतात.

रंग बघायच्या उजेडासाठी छपाईत आयएसओ ३६६४ हे मानक आहे. ‘डी ५०’ म्हणजे ५००० केल्विनचा प्रकाश आणि टेबलावर साधारण २००० लक्स. त्यासाठीचे खास दिवे मिळतात. साधी ‘कूल डेलाइट’ ट्यूब ६५०० केल्विनची असते, म्हणजे निळसर. शिवाय केल्विनचा आकडा जुळला म्हणून सगळे रंग खरे दिसतात असंही नाही, दिव्याचा सीआरआय (त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर हवा. टेबलाच्या मागची भिंत करड्या रंगाने रंगवा. पोपटी भिंतीसमोर माणसांचे चेहरे लालसर वाटतात, आणि पोपटी भिंतींचे छापखाने मी बरेच पाहिले आहेत.

पायरी २. फाइल आली की आधी तिची झडती घ्या

मशीनवरच्या निम्म्या तक्रारी फाइलमध्येच जन्मलेल्या असतात.

पहिली गोष्ट फोटोंची. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत आकसतं, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवा. छापायच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० बिंदू) मिळतात का ते पाहा.

दुसरी, प्रोफाइल. फोटोशॉप नवीन घातला की त्यात सीएमवायकेसाठी (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांसाठी) बहुधा ‘यू.एस. वेब कोटेड स्वॉप’ बसलेलं असतं. ते अमेरिकेतल्या वेब ऑफसेटवर (कागदाच्या रोलवर) छापायच्या मासिकांसाठी केलेलं. आपण आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर) शीटफेडला छापतो, तेव्हा ‘कोटेड फोग्रा ३९’ जास्त जवळचं. कागद निळसर पांढरा, भरपूर ब्राइटनर असलेला असेल तर ‘पीएसओ कोटेड व्ही३’, आणि मॅपलिथोसाठी (लेप नसलेल्या साध्या कागदासाठी) ‘पीएसओ अनकोटेड व्ही३’. डिझायनरने कोणतं वापरलं ते विचारा. “प्रोफाइल म्हणजे?” असं उत्तर आलं तर चिडू नका, आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यातले) फोटो तसेच मागवून रूपांतर स्वतः करा.

तिसरी, शाईची बेरीज. चारही रंगांचे टक्के मिळवून सगळ्यात गडद जागी आर्ट पेपरला ३०० च्या आसपास थांबायला हवं, मॅपलिथोला त्याहूनही खाली. बेरीज ३५० वर गेली की शीट वाळत नाही, सेट-ऑफ येतो (ओली शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते), शीटच्या मध्ये उडवायची पावडर वाढवावी लागते आणि शेवटी लॅमिनेशन सुटतं.

काळ्याबद्दल दोन ओळी. मजकूर फक्त १०० टक्के काळ्यात आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच. देवनागरीत हे इंग्रजीहून जास्त महत्त्वाचं आहे, कारण रजिस्ट्रेशन (चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर हललं तरी चार रंगांच्या मजकुरात शिरोरेखेला लाल-निळी झालर येते आणि अनुस्वार दोन दिसतात. मोठा काळा पट्टा असेल तर नुसता काळा करडा वाटतो. तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० असा भरीव काळा द्या.

आता आपला नारिंगी. तो मुळात पिवळा १०० आणि मॅजेंटा ५० ते ६० असा असतो. आरजीबीतून रूपांतर करताना त्यात सायनचे चार-पाच टक्के गुपचूप शिरतात आणि तेवढ्याने रंग मळतो. ड्रॉपरने तपासा, सायन शून्यावर आणा. पुढचं आणखी महत्त्वाचं. या रंगातला मॅजेंटा पन्नाशीच्या टक्क्यांत आहे, आणि मशीनवर ठिपका (कमी टक्क्यांचा रंग ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो तो) सगळ्यात जास्त फुगतो तोही तिथेच. म्हणून नारिंगी नेहमी आधी बिघडतो. भगवा, शेंदरी, केशरी, सगळ्यांची तीच गत. निळ्याचीही एक खोड आहे. सायन १०० आणि मॅजेंटा ९० दिला तर कागदावर जांभळा येतो, दोघांत किमान तीसचं अंतर ठेवा.

काही रंग चार शायांत बसतच नाहीत. राणी रंगाचा झगझगीत शालू, पोपटी, चकाकता भगवा. हे पार्टीला छापायच्या आधी सांगायचं. फारच अडलं तर पाचवी, खास मिसळलेली शाई लावा आणि रंग पँटोनच्या, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या नमुन्यांच्या, पुस्तकातून निवडा. पुस्तक कोटेडचं की अनकोटेडचं ते कागदाप्रमाणे घ्या. आणि दहा वर्षांपूर्वीचं, पिवळं पडलेलं पुस्तक बाद करा, ते तुम्हाला रोज खोटं सांगतंय.

पायरी ३. प्रूफवर सही घ्या

ऑफिसातल्या लेझर प्रिंटरची प्रत हे प्रूफ नव्हे. मजकूर वाचायला ती ठीक, रंगासाठी निरुपयोगी. रंगाचं प्रूफ म्हणजे त्याच प्रोफाइलवर, कॅलिब्रेट केलेल्या इंकजेटवर काढलेली प्रत. तिच्या कडेला मोजणीचे चौकोन हवेत आणि ते मोजून पास झाल्याचा शिक्का किंवा लेबल हवं. पार्टीने सही मोबाइलच्या साक्षीने करू नये, डी ५० दिव्याखाली करावी. मॅट लॅमिनेशन होणार असेल तर त्याचा नमुनाही दाखवा. मॅटखाली गडद भाग मवाळ होतात आणि ग्लॉसखाली रंग खोल जातात, हे अंक हातात आल्यावर कळून उपयोग नसतो.

पायरी ४. कागद

चार शायांनंतरचा पाचवा रंग कागदाचा. एकाच जीएसएमचे (वजनाचे) दोन मिलचे आर्ट पेपर शेजारी ठेवा, एक निळसर दिसेल आणि एक पिवळसर. पूर्ण कामाला पुरेल एवढा कागद एकाच लॉटचा घ्या. “संपला तर आणू” म्हणून निम्म्या कामात दुसऱ्या मिलचा कागद चढवलात, की नारिंगी वेगळा येणार आणि त्यात मशीनचा काही दोष नसणार.

दिवाळीचं काम पावसाळ्यात छापावं लागतं ही आपली खास अडचण. दमट हवेत उघडा पडलेला कागद कडेने पाणी पितो, कडा लाटांसारख्या होतात, शीट ताणली जाते. फोर कलर मशीनवर निभावतं. सिंगल कलर किंवा टू कलर मशीनवर शीट पुन्हापुन्हा आत जाते, आणि पहिल्या पासला बसलेलं रजिस्ट्रेशन शेवटच्या पासला कोपऱ्यांत सुटतं. रीम मशीन हॉलमध्ये वेष्टनासकट एक-दोन दिवस आधी आणून ठेवा आणि लागेल तेवढीच फोडा. दोन पासांच्या मधला गठ्ठा प्लास्टिकने झाका. हॉलची आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि तापमान २०-२३ अंश ठेवता आलं तर उत्तम. एसी परवडत नसेल तर निदान भिंतीवर आर्द्रतामापक लावा आणि आकडा रोज वहीत लिहा, बिघाड कुठून आला ते शोधायला तो लागतो.

पायरी ५. मशीन एका जागी आणा

ही पायरी सगळे टाळतात, कारण यात छापून काही मिळत नाही. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो.

पाण्यापासून सुरुवात करा. बोअरचं पाणी जड असतं, टँकरचं पाणी रोज निराळं. फाउंटनला (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीला) आरओचं पाणी वापरा आणि आरओच्या पाण्यासाठीच केलेलं सोल्युशन घ्या. पीएच ४.८ ते ५.५ मध्ये हवा. नुसत्या पीएचवर विसंबू नका, सोल्युशनमध्ये बफर असतो, म्हणून पाणी घाण झालं तरी पीएच बराच काळ जागचा हलत नाही. कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) मोजा. टाकी नवी भरली तेव्हाचा आकडा टाकीवरच लिहून ठेवा. कागदाची धूळ आणि शाई पाण्यात मिसळत गेली की तो चढतो. मूळ आकड्याहून हजारभर मायक्रोसीमेन्स वर गेला की टाकी उपसून धुवा. ट्रेमधलं पाणी थंड ठेवा, दहा ते पंधरा अंशांच्या आत.

मग रोलर. शाईच्या आणि पाण्याच्या रोलरचा प्लेटवरचा दाब पट्टा उमटवून तपासा, पट्टा डावीकडून उजवीकडे एकाच रुंदीचा हवा. रोलरवर चकाकी चढली असेल तर शाई नीट धरली जात नाही. ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारी रबरी चादर) खाली दबलंय का, त्याखालचं पॅकिंग मायक्रोमीटरने मोजलंय की “अंदाजे दोन कागद” घातलेत, ते बघा. दाब थोडा जास्त झाला तरी ठिपका चेपतो, फुगतो आणि रंग गडद होतो.

शेवटी तापमान. सकाळी रोलर गार असतात, शाई घट्ट. चार तास मशीन पळालं की रोलर तापतात, शाई पातळ होते, ठिपका पसरतो. माझा नारिंगी दुपारी तांबडा झाला तो यामुळे. मॅजेंटाचा पन्नासाचा ठिपका फुगत गेला, आणि मी बसलो पिवळ्याची की वाढवत. पिवळा आधीच १०० टक्के, त्यात आणखी शाई घालून काय होणार होतं?

शाई एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतली चारही घ्या. डब्याच्या तळाशी उरलेली दुसरी शाई त्यात ढवळू नका.

पायरी ६. मशीनचा स्वभाव मोजा आणि प्लेटवर दुरुस्त करा

मशीन ताळ्यावर आल्यावर एक चाचणी फॉर्म छापा. त्यात प्रत्येक रंगाचे भरीव चौकोन आणि दर दहा टक्क्यांचे टप्पे हवेत. प्लेट सीटीपीवर (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) सरळ, कुठलीही दुरुस्ती न करता काढा.

आधी भरीव रंग. डेन्सिटोमीटर किंवा त्याहून चांगला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागेल. घनता १ म्हणजे पडलेल्या उजेडाचा दहावा भाग परत येतो, १.४ म्हणजे साधारण ४ टक्के. आर्ट पेपरवर सुरुवात अशी करा: काळा १.७, सायन १.३५, मॅजेंटा १.४५, पिवळा १. हे आकडे ‘स्टेटस टी’ या मोजणीच्या पद्धतीचे आहेत. यंत्र ‘स्टेटस ई’वर असेल तर पिवळा बराच जास्त दाखवतो, आणि या एका सेटिंगवरून दोन प्रेसमध्ये वाद झालेले मी ऐकले आहेत. मॅपलिथोवर सगळेच आकडे उतरतात, सायन आणि मॅजेंटा १ च्या आसपास येतात.

घनता म्हणजे शाई किती बसली त्याचं माप, रंगाची ओळख तिच्यात नाही. ती लॅब आकड्यांत असते, म्हणजे उजळपणा, लाल-हिरवा आणि पिवळा-निळा अशा तीन आकड्यांत. फोग्रा ३९ मध्ये भरीव सायन ५५, उणे ३७, उणे ५० आहे आणि मॅजेंटा ४८, ७४, उणे ३. तुमच्या शाईची घनता थोडी वर-खाली करत पाहा, ज्या आकड्याला ती या लॅबच्या सगळ्यात जवळ जाते तीच तुमच्या मशीनची घनता. उरलेलं अंतर ‘डेल्टा ई’मध्ये मोजतात. भरीव रंगांना आयएसओ १२६४७-२ हे मानक ५ पर्यंत मोकळीक देतं.

मग ठिपके. याच मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे चांगल्या आर्ट पेपरवर फाइलमधला ५० टक्के ठिपका छापून ६६ दिसायला हवा. फोग्रा ३९ जुन्या आवृत्तीवरचं, तिथे हा आकडा सायन, मॅजेंटा, पिवळ्याला दोनेक टक्क्यांनी कमी येतो. जे प्रोफाइल धराल त्याचाच आकडा धरा. समजा तुमच्या मशीनवर मॅजेंटाचा ५० मोजून ७२ आला, आणि चाचणीतला ४४ चा चौकोन ६६ आला. सीटीपीला सांगायचं, मॅजेंटाच्या ५० च्या जागी प्लेटवर ४४ काढ. असं प्रत्येक रंगाला, प्रत्येक टप्प्याला. याला कर्व्ह म्हणतात. आर्टची कर्व्ह वेगळी, मॅपलिथोची वेगळी. ब्लँकेटचा प्रकार किंवा शाई बदललीत तर चाचणी पुन्हा.

प्लेट बाहेरून काढून घेत असाल तरी सीटीपीवाल्याकडे तुमच्या मशीनच्या नावाने कर्व्ह ठेवायला सांगा. तो वेळ देत नसेल तर दुसरा गाठा.

पायरी ७. छपाईच्या दिवशी

प्रत्येक शीटवर आडवी कलर बार (रंग मोजायच्या चौकोनांची पट्टी) हवी, कागद वाचवायला ती उडवू नका. मांडणी करतानाही डोकं चालवा. छपाईच्या दिशेने एका रेषेत येणारी सगळी पानं त्याच कींवर चालतात. एका रेषेत वर गडद निळी जाहिरात आणि खाली चेहऱ्याचा फोटो आला, की जाहिरातीला शाई द्यायला जावं तर चेहरा काळवंडतो. शक्य असेल तर पानं फिरवून घ्या. चेहऱ्याची एक खूणगाठही सांगतो. आपल्या त्वचेत पिवळा मॅजेंटाहून थोडा जास्त असतो आणि सायन मॅजेंटाच्या निम्म्याहून कमी.

आता क्रम. आधी रजिस्ट्रेशन. मग पाणी: प्लेटवर मळ येईल इतकं कमी करा आणि तिथून जरासं वाढवा, त्याहून जास्त नको. पाणी जास्त झालं की रंग धुवट दिसतो, मग माणूस शाई वाढवतो, मग पुन्हा पाणी, आणि ही शर्यत संध्याकाळपर्यंत चालते. त्यानंतर चारही रंगांची घनता कलर बारवर डावीकडून उजवीकडे आपल्या आकड्यावर आणा, ०.०५ इकडे-तिकडे चालेल. तोपर्यंत प्रूफकडे बघायचंही नाही.

घनता बसली की करडा चौकोन बघा. सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० यांचा मिळून साधारण निव्वळ करडा व्हायला हवा, शेजारच्या ५० टक्के काळ्यासारखा. तो लालसर असेल तर मॅजेंटा, हिरवट असेल तर सायन-पिवळा. भरीव शाई बरोबर असताना करडा ढळला तर ठिपका फुगलाय. अशा वेळी की फिरवण्याआधी तापमान, ब्लँकेट आणि पाणी बघा.

प्रूफ शेवटी. फरक राहिला असेल तर एका वेळी एकच रंग हलवा आणि पन्नास-साठ शीट जाऊ द्या. रोलरच्या एवढ्या ताफ्यातून की पासून कागदापर्यंत बदल पोचायला तेवढ्या शीट लागतातच. ओढलेल्या पुढच्याच शीटवर निकाल शोधणारा माणूस दुप्पट की फिरवून ठेवतो, मी ते भरपूर केलंय. पार्टीने किंवा तुम्ही मान्य केलेल्या शीटवर सही, तारीख, वेळ लिहा. ती ओके शीट.

त्यानंतर दर पाचशे शीटला एक ओढा, मोजा, ओके शीटच्या शेजारी ठेवा. आधीच्या ओढलेल्या शीटशी तुलना करत राहिलात तर दर वेळी केसभर सरकत दिवसाअखेर भलतीकडे पोचाल. चहासाठी किंवा वीज गेल्याने मशीन थांबलं तर पुन्हा सुरू झाल्यावरच्या पन्नास ते शंभर शीट वेगळ्या काढा. त्या चांगल्या गठ्ठ्यात सरकवायचा मोह होतो, मालक समोर असेल तर जास्तच.

पायरी ८. वाळल्यानंतर

ओली शाई चकाकते आणि गडद वाटते. वाळली की घनता थोडी उतरते, मॅपलिथोवर जास्त. तुमच्या कागद-शाईला ती किती उतरते हे एकदा मोजून ठेवा: मशीनवरून निघाल्याबरोबर, दुसऱ्या दिवशी आणि लॅमिनेशननंतर. मग पार्टी ओल्या शीटसमोर “जरा डार्क वाटतंय” म्हणाली तर शाई कमी करायची की नाही ते आकड्यावरून सांगता येईल.

काम संपलं की एक पाकीट करा. त्यात तीन ओके शीट, सही केलेलं प्रूफ आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर कागदाची मिल आणि जीएसएम, शाईची मालिका, चारही घनता, वापरलेली कर्व्ह, पाण्याचा पीएच आणि कंडक्टिव्हिटी, हॉलचं तापमान. पाकीट बंद कपाटात, काळ्या पिशवीत ठेवा. टेबलावर उजेडात राहिलेल्या शीटमधले पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, आणि पुढच्या वर्षी त्या फिक्या शीटशी जुळवत बसलात तर नारिंगी पुन्हा चुकेल.